बाहेरून आलेल्या समाजाने कोकणी ओळखीचा दावा कसा मांडावा

कोकण किनाऱ्यावरील एखाद्या गावाची स्मरणिका, शाळेच्या शताब्दीचा अंक किंवा एखाद्या समाजाचा छोटा इतिहास लिहायला घेतला की एक प्रश्न हमखास निघतो: जे लोक काही पिढ्यांपूर्वी परप्रांतातून किंवा समुद्रापलीकडून आले, त्यांना स्वतःला कोकणी म्हणवून घेता येते का? माझ्या मते येते. मात्र या दाव्याचे वजन तो कसा मांडला जातो यावर ठरते आणि बहुतेक टिपणे नेमकी तिथेच लंगडी पडतात. पुढील सूचना असे टिपण लिहू पाहणाऱ्यांसाठी आहेत. ते वाचून मत बनवणाऱ्या गावकऱ्यांनाही त्या उपयोगी पडाव्यात.

आपण नेमके काय मागत आहोत, हे सर्वप्रथम वेगवेगळे लिहून काढावे. राहण्याचा हक्क, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, गावातील मानपान आणि सांस्कृतिक ओळख या पाच निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र कालवल्या की ऐकणारा सावध होतो आणि ज्या मागणीला त्याची हरकत नसते तिलाही तो नकार देऊन बसतो. देशात कुठेही वस्ती करण्याचा अधिकार भारतीय नागरिकाला राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे, तर आपली वेगळी भाषा, लिपी व संस्कृती जपण्याचा अधिकार कलम २९ ने दिला आहे. म्हणजे या दोहोंसाठी कोणाकडे अर्ज करण्याची गरजच नाही. आंबाबागांत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांचे वास्तव्य मात्र १९५० च्या भारत-नेपाळ करारावर आधारलेले आहे, हा फरक टिपणात स्पष्ट असावा. महाराष्ट्रातील अधिवासाच्या दाखल्यासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जातीच्या दाखल्याचे गणित आणखी निराळे आहे: अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब कोणत्या राज्यात राहत होते हे पाहिले जाते आणि त्यानंतर कितीही पिढ्या इथे गेल्या तरी तेवढ्याने ते उत्तर बदलत नाही. सांस्कृतिक ओळखीचे टिपण हे यांपैकी कोणत्याही दाखल्याला पर्याय नाही, हे पहिल्याच पानावर लिहून टाकावे. त्यामुळे निम्मी भांडणे सुरू होण्यापूर्वीच संपतात.

दुसरी सूचना अशी की, दाव्याची सुरुवात आगमनाच्या तारखेपासून करू नये. ‘आम्ही तीनशे वर्षांपूर्वी आलो’ असे म्हटले की समोरचा ‘आम्ही त्याच्याही आधी’ असे म्हणणार, आणि ही चढाओढ कोकणात कोणालाच परवडणारी नाही. चित्पावनांची परशुरामकथा समुद्रातून किनाऱ्याला लागलेल्या देहांपासून सुरू होते. बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंची, कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून सुरू होते. दोन्ही कथांना कागदोपत्री पुरावा नाही. पोर्तुगीज अमलाच्या जाचामुळे अनेक सारस्वत कुटुंबांनी गोवा सोडला, हे मात्र इतिहासाला ठाऊक आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांबरोबर आले आणि आज काजूशिवाय कोकणाचे वर्णन पुरे होत नाही. तात्पर्य, आगमनकथा जरूर लिहावी, पण ‘आमच्यात असे सांगतात’ या शब्दांत. पुरावा म्हणून नव्हे.

मग पुरावा कशाचा द्यावा? या ठिकाणाशी झालेल्या देवघेवीचा द्यावा. याचा सर्वांत चांगला नमुना बेने इस्रायलींचाच आहे, म्हणून त्याकडे जरा सविस्तर पाहू. आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांमध्ये हा समाज तेलाचे घाणे चालवीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. या दोन शब्दांत गावाने त्यांचा धंदाही नोंदवला आणि त्यांचे वेगळेपणही, तेही कसलीही चौकशी समिती न नेमता. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, किहीमवरून केहिमकर अशी गावांवरून पडली. घरात मराठी होती, बायका लुगडे नेसत, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधील आख्यानांवर चक्क मराठीत कीर्तने रचली. नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात तो पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे यांचा. प्रार्थना हिब्रू असते, ताटातले जिन्नस मात्र कोणत्याही कोकणी घरातले. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे.

या उदाहरणाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. आंदोलने झाली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानावे अशी भूमिका घेतल्यावर तो वाद निवळला. त्याच देशात या लोकांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. कोकणात त्यांना कोणी मराठीपणाचा दाखला मागितला नव्हता. तो त्यांनी समुद्रापलीकडे जाऊन आपणहून दिला. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. वेगळेपण आणि कोकणीपण एका घरात नांदू शकते, हे सांगायला याहून भक्कम उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

टिपण लिहिताना म्हणूनच दोन रकाने आखावेत. एकात आपण इथून काय घेतले ते लिहावे: खाणे, बोली, आडनाव, शेतीची किंवा मासेमारीची रीत, पावसाळ्याची बेगमी. दुसऱ्यात आपण इथे काय दिले ते लिहावे: एखादी कारागिरी, पीक, वाद्य, औषध, बांधकामाची पद्धत. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर ते लपवू नये. जे समाज मजुरीसाठी आले त्यांचे देणे बहुधा श्रमाचे असते, आणि श्रमाची नोंद इतिहासात सहसा होत नाही. ती करण्याची हीच जागा आहे.

भाषेच्या बाबतीत बहुतेकजण घाबरतात. घरात मराठी किंवा मालवणी बोलत नाही म्हणजे आपण कोकणी नाही, असे त्यांना वाटते. अशांनी कोर्लईकडे पाहावे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे. ती आपसांत पोर्तुगीजपासून बनलेली मिश्र बोली बोलते आणि बाजारात, कचेरीत, शेजाऱ्यांशी मराठी. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौलचा मुलूख सोडला. बोली मात्र इथेच राहिली आणि आज जगात ती या एका गावाची म्हणून ओळखली जाते. तेव्हा घरची भाषा कोणती, यापेक्षा वाडीबाहेर पडल्यावर शेजाऱ्याशी कोणत्या भाषेत भांडता येते, हे टिपणात नोंदवावे.

वास्तव्याची वर्षे मोजणाऱ्यांना रत्नागिरीचा थिबा राजवाडा दाखवावा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. तीस वर्षांचा मुक्काम आणि १९१० मध्ये राहायला मिळालेला भव्य वाडा असूनही त्याला कोणी रत्नागिरीकर म्हणत नाही, कारण तो शेवटपर्यंत नजरकैदेत होता आणि गावाशी त्याचा व्यवहार जेमतेमच होता. त्याची थोरली मुलगी मात्र मायदेशी जाऊन पुन्हा रत्नागिरीलाच परतली, आणि तिची मुलगी चारचौघींसारखी मराठी बोलत, कष्ट करत याच गावात जगली. एका घरातील तीन पिढ्यांत हा फरक पडला, तो काळामुळे कमी आणि संबंधामुळे जास्त. जंजिरा किल्ल्यावर राज्य केलेल्या, आफ्रिकी वंशाच्या मुरूडच्या सिद्द्यांबद्दल लिहितानाही असाच विवेक हवा. जंजिऱ्याची सत्ता ही एक गोष्ट आहे आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतर इथेच राहिलेली, इथेच पोट भरणारी माणसे ही दुसरी. राज्यकर्त्यांच्या पराक्रमाच्या किंवा अत्याचाराच्या हिशेबाने आजच्या कुटुंबाचे कोकणीपण मोजू नये, आणि त्या कुटुंबानेही दाव्यासाठी किल्ल्याच्या तोफा पुढे करू नयेत.

आता आजच्या स्थलांतरितांविषयी. इथे घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रत्नागिरीतील मिरकरवाड्याच्या बंदरातील मासेमारी नौकांवर नेपाळ, कर्नाटक, आंध्र येथील खलाशी मोठ्या संख्येने असतात; जून-जुलैच्या मासेमारीबंदीत त्यांतले बरेच गावी जातात आणि हंगाम उघडला की परततात. त्यांच्यातर्फे दुसऱ्याच कोणी ‘हे आता कोकणी झाले’ असे लिहिणे आगाऊपणाचे ठरेल, कारण त्यांचे घर अजून तिकडेच आहे. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, बारमाही राहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. मोहोर आल्यापासून वानरांना हाकणे, फवारणीचे पाणी वाहणे, झेल्याने देठासकट आंबा उतरवणे, आढी लावणे ही सगळी कामे त्यांच्या हातून होतात. मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत असतात आणि आईवडील मालकाशी तोडकेमोडके बोलत असताना मधेच व्याकरण सुधारून देतात. अशा घराविषयी लिहिताना निष्कर्ष त्या मुलांवर सोपवावा. पाच-दहा वर्षांनी ती स्वतः सांगतील. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या भूमीला. झाडाची राखण कोणाच्या वंशाने केली, हे त्यात विचारलेले नाही.

सर्वांत नाजूक विषय मानाचा. शिमग्याची पालखी, गाऱ्हाणे (देवापुढची सामूहिक विनवणी), बारा-पाचाचे मानकरी, ओटीचा क्रम ही गावऱ्हाटीची, म्हणजे ग्रामदेवतेभोवतीच्या परंपरागत मानपानाची, रचना आहे आणि तिच्यातील जागा पिढीजात ठरलेल्या आहेत. इथे शेकडो वर्षे राहणाऱ्या जातींनाही त्यात समान वाटा मिळालेला नाही, हे कटू असले तरी खरे आहे. बाहेरून आलेल्या समाजाने आपल्या सांस्कृतिक दाव्यात मानाची मागणी घुसडू नये. तो अन्यायाचा प्रश्न वाटत असेल तर तो सर्व वंचितांच्या वतीने, स्वतंत्रपणे मांडावा. टिपणात सहभागाची नोंद करावी. पालखी आपल्या दारात येते का? आली तर कोणत्या वर्षापासून, कोणाच्या पुढाकाराने? आपल्या उरुसाला, सणाला, लग्नाला वाडीतली कोणती घरे येतात? मयताला खांदा कोण देते? शेवटचा प्रश्न विचारायला जड वाटतो, पण त्याचे उत्तर सहसा खोटे दिले जात नाही.

जे गावकरी असे टिपण वाचून नाक मुरडतील, त्यांच्यापुढे त्यांच्याच घरचा चाकरमानी ठेवावा. गिरणगावात दोन-तीन पिढ्या काढलेला माणूस गणपतीला गावी येतो, नमन-खेळ्यांत नाचतो, सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून तलाठ्याकडे खेपा घालतो आणि परत गेल्यावर स्वतःला मुंबईकरही म्हणवतो. त्याच्या दोन्ही ओळखी आपल्याला खऱ्या वाटतात. मग ज्या मापाने आपण मुंबईवर हक्क सांगतो तेच माप कोकणात आलेल्यांना लावावे लागेल. हा युक्तिवाद टिपणात एकदाच आणि शांतपणे करावा. वारंवार केला की तो टोमणा होतो.

कागदपत्रे गोळा करताना शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करावी, कारण त्यात नाव, जात, जन्मस्थळ आणि बापाचा धंदा एकाच ओळीत सापडतो. त्यानंतर ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद, सातबारा व फेरफार, मशिदीच्या, चर्चच्या किंवा देवळाच्या देणगीवह्या, दफनभूमीतील शिळांवरचे मराठी लेख पाहावेत. म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या आणि पाककृती ध्वनिमुद्रित कराव्यात, परवानगी घेऊन, आणि हयात व्यक्तींची खासगी माहिती छापू नये.

मसुदा लिहिताना ‘आम्हीच’ हा शब्द आढळला की खोडावा. ‘आम्ही कोकणातले आहोत, आमचे अमुक रिवाज बाहेरून आले, तमुक इथे घडले, आणि या दोन-तीन बाबतींत आमचे गावाशी पटत नाही’ अशा धर्तीचे वाक्य दहा पानांच्या गौरवगाथेपेक्षा अधिक टिकते. न पटणाऱ्या बाबी मुद्दाम लिहाव्यात, मग तो विहिरीचा वाद असो, मच्छीमारीच्या जाळ्यांचा असो वा कर्ण्याच्या आवाजाचा. परक्याशी कोणी वर्षानुवर्षे वाद घालत बसत नाही. मसुदा तयार झाल्यावर तो आपल्या समाजाबाहेरच्या, शक्यतो दुसऱ्या वाडीतल्या दोन वयस्कर माणसांना वाचायला द्यावा आणि त्यांचे आक्षेप, पटले नाहीत तरी, त्यांच्याच शब्दांत तळटीप म्हणून छापावेत. छापील प्रती शाळेच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, कारण समाजाच्या कार्यालयातल्या कपाटात राहिलेली प्रत फक्त समाजच वाचतो.