माल कुठे थांबतो ते आधी शोधा: लहान कारखान्यात सतत सुधारणा कशी सुरू करावी

मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया आणि सावली या वडोदऱ्याभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने आहेत आणि त्यांतले काही मराठी कुटुंबे चालवतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी माल वेळेवर जात नाही असे दिसले की पहिला विचार नवीन यंत्र घेण्याचा होतो. हा लेख त्याआधी काय करावे ते सांगतो. कच्चा माल दारातून आत आल्यापासून तयार नग बाहेर पडेपर्यंतच्या काळात त्या नगावर प्रत्यक्ष काम फार थोडा वेळ चालते आणि उरलेला सगळा वेळ तो कुठे ना कुठे पडून असतो. सुधारणेची सुरुवात हा पडून राहण्याचा वेळ शोधण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. झाडलोट, रंगरंगोटी आणि भिंतीवरचे फलक यांनी सुरुवात केली तर महिनाभर शेड सुंदर दिसते, पण माल पूर्वीइतकाच उशिरा निघतो आणि कामगारांचा या सगळ्यावरचा विश्वास उडतो.

पडून राहण्याचा वेळ शोधून तो कमी करत जाण्याच्या, आज ‘लीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची मुळे जपानमधल्या टोयोटा कंपनीत आहेत. माग बनवणारे संशोधक साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे. दोष दिसताच काम थांबवावे हा विचार तिथून पुढे त्यांच्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले अभियंता ताइइची ओनो यांनी त्याला जोड दिली ती गरजेपुरतेच, गरजेच्या वेळीच बनवण्याच्या शिस्तीची. ‘लीन’ हे नाव मात्र बरेच नंतरचे असून ते जॉन क्राफचिक या संशोधकाने १९८८ साली दिले. ओनो यांनी नुकसानीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, जादा साठा, माणसाची वायफळ हालचाल आणि सदोष माल. यांपैकी जास्तीचे उत्पादन त्यांना सर्वांत घातक वाटे, कारण बाकीची बरीचशी नुकसानी त्याच्या आड लपते.

कामगारांना आधी काय सांगावे

घड्याळ आणि वही घेऊन मालक शेडमध्ये फिरू लागला की कामगारांच्या मनात एकच शंका येते की आता माणसे कमी होणार. ही शंका पहिल्याच दिवशी, सगळ्यांना एकत्र बसवून, स्पष्ट शब्दांत दूर करावी. सुधारणेमुळे वाचलेल्या वेळेपायी कोणाचेही काम जाणार नाही आणि कोणाची मजुरी घटणार नाही, असे वचन द्यावे आणि ते पाळावे. हे वचन देण्याची तयारी नसेल तर पुढच्या पायऱ्या सुरूच करू नयेत, कारण खरी माहिती यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाकडेच असते आणि भीती असेल तर तो ती देणार नाही.

इथे मजुरीच्या पद्धतीचाही विचार करावा लागतो. अनेक ठिकाणी ठेकेदारामार्फत नगावर मजुरी ठरलेली असते. अशा वेळी करवतीवरचा माणूस जितके जास्त तुकडे कापेल तितके त्याला पैसे मिळतात, मग पुढे त्या तुकड्यांची गरज असो वा नसो. त्याला ‘थांब’ म्हणायचे असेल तर थांबल्याने त्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था आधी करावी. रोजंदारी निश्चित करून, वेळेवर बाहेर गेलेल्या पूर्ण मालावर सगळ्यांना मिळून प्रोत्साहन द्यावे, हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे.

एका नगाच्या मागे चाला

नियमित मागणी असलेला एकच नग निवडा. त्याचा कच्चा माल येईल त्या दिवशी ट्रॉलीला एक कार्ड बांधा आणि प्रत्येक यंत्रावर काम सुरू झाल्याची व संपल्याची तारीख आणि वेळ त्यावर लिहायला सांगा. शक्य तितका वेळ स्वतः त्या मार्गावर उभे राहा आणि त्या दिवशी कोणालाही सूचना देऊ नका. जुन्या कारागिराला एवढेच विचारा, “काका, या कामात तुम्हाला सगळ्यात जास्त कशासाठी थांबावं लागतं?” आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

समजा, व्हॉल्व्हच्या एका भागाला कापणीसाठी ४ मिनिटे, लेथवर (तुकडा फिरवून धातू कापणाऱ्या यंत्रावर) १२, ड्रिलिंगला ६, बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढायला ३ आणि तपासणीला ५ मिनिटे लागतात. प्रत्यक्ष काम ३० मिनिटांचे झाले. कार्डावर मात्र आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत १४ दिवस दिसतात. हे १४ दिवस कोणाच्या आळसामुळे लागत नाहीत, हे साध्या गणिताने दाखवता येते. शेडमध्ये अर्धवट अवस्थेत पडलेले सगळे नग मोजा आणि रोज बाहेर जाणाऱ्या नगांच्या संख्येने त्यांना भागा. ५०४ नग अर्धवट पडलेले आणि रोज ३६ बाहेर जाणारे असतील तर आज आत आलेल्या तुकड्याला सरासरी १४ दिवस लागणारच, मग सुपरवायझर कितीही ओरडला तरी त्यात फरक पडत नाही.

ग्राहकाच्या गतीशी तुलना करा

आता मागणीकडे पाहा. आठ तासांच्या पाळीतून जेवण आणि चहाची ४० मिनिटे वजा केली तर ४४० मिनिटे उरतात. ग्राहकाला रोज ४० नग हवे असतील तर दर ११ मिनिटांनी एक नग तयार व्हायला हवा. आपल्या उदाहरणात करवत एका पाळीत ११० तुकडे कापू शकते, ड्रिलिंगवर ७३ नग होतात, तपासणीत ८८ होतात, पण लेथवर १२ मिनिटांच्या हिशेबाने जेमतेम ३६ होतात. संपूर्ण कारखान्याची गती म्हणजे या लेथची गती. करवत किंवा ड्रिलिंग यांचा वेग वाढवण्यात खर्च केलेला प्रत्येक रुपया फक्त ढीग वाढवतो.

म्हणून पहिली सुधारणा लेथवरच करावी. १२ मिनिटांपैकी धातू प्रत्यक्ष कापला जातो तो समजा ८ मिनिटे, बाकीच्या चार मिनिटांत कारागीर जमिनीवरून तुकडा उचलतो, बुरादा काढतो, व्हर्नियर (माप घेण्याची पट्टी) शोधतो आणि झालेला नग चार पावले दूर नेऊन ठेवतो. तुकडे कमरेच्या उंचीच्या रॅकवर ठेवले, मोजमापाची साधने हाताशी टांगली आणि तयार नगांची पेटी उजव्या हाताला आणली की दीड मिनिट वाचवणे अवघड नाही. १०.५ मिनिटांनी त्याच लेथवर, त्याच माणसाकडून, कमी वाकून, ४१ नग होतात. नवीन यंत्राचे कर्ज काढण्याआधी हा प्रयोग करून पाहणे आपल्या हातात आहे.

सेटिंग बदलण्यात जाणारा वेळही याच लेथचा असतो. एका सेटिंगला ५० मिनिटे लागत असतील तर तेवढ्यात चार नग गेले. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसचा साचा बदलण्याचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. त्यामागची रीत लहान शेडलाही लागू पडते. सेटिंगमधली कामे दोन रकान्यांत लिहा: यंत्र बंद असतानाच होऊ शकणारी आणि यंत्र चालू असतानाच उरकून घेता येणारी. ड्रॉईंग आणणे, टूल आणि इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे बदलते पाते) काढणे, पुढच्या जॉबला लागणारे चकचे (नग पकडणाऱ्या भागाचे) वेगळे जबडे पुसून ठेवणे, गेज (माप तपासण्याचे साधन) तपासणे ही सगळी कामे दुसऱ्या रकान्यातली आहेत, पण सवयीने ती यंत्र बंद करून केली जातात. मदतनिसाने पुढच्या जॉबची पेटी आधीच भरून ठेवली की वेळेत मोठी घट होते. उरलेल्या कामांसाठी वेगवेगळ्या मापाचे बोल्ट एकाच मापाचे करणे, जबड्यांना खुणा करून ठेवणे असे उपाय कारागीरच सुचवतात.

लहान गठ्ठ्यांनी माल पुढे सरकवा

आपल्याकडे २०० नगांची ऑर्डर असली की सगळे २०० लेथवर पूर्ण करूनच ड्रिलिंगला पाठवण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने लेथ आणि ड्रिलिंग मिळून सुमारे सव्वाआठ दिवस लागतात. तेच नग वीस-वीसच्या गठ्ठ्यांत पुढे गेले तर पहिला गठ्ठा चार तासांत ड्रिलिंगवर पोहोचतो आणि दोन्ही कामे पावणेसहा दिवसांत संपतात. यासाठी लेथचे सेटिंग बदलावे लागत नाही, कारण ऑर्डर तीच चालू राहते, फक्त पुढे पाठवण्याचा गठ्ठा लहान होतो. शिवाय बोअरचे (नगाच्या आतल्या भोकाचे) माप चुकले असेल तर ते दोनशे नग झाल्यावर कळण्याऐवजी वीस नगांत कळते. ट्रॉलीच्या फेऱ्या वाढतात ही तक्रार खरी आहे, आणि तिचा उपाय म्हणजे ड्रिलिंग यंत्र लेथच्या शेजारी आणणे. ड्रिलिंगवरच्या माणसाने बर काढण्याचे कामही घेतले तरी त्याची ९ मिनिटे होतात आणि तो लेथच्या मागे पडत नाही.

यानंतर साठ्यावर मर्यादा घाला. करवत आणि लेथ यांच्यामध्ये जमिनीवर पिवळ्या रंगाने दोन चौकोन आखा, प्रत्येकात एक ट्रॉली. दोन्ही भरलेले असतील तर करवत थांबेल आणि तिथला माणूस साफसफाई, पुढच्या जॉबची तयारी किंवा तपासणीला मदत करील. रिकामा चौकोन हीच पुढचे कापण्याची मागणी समजावी, वेगळी चिठ्ठी लागत नाही. अर्धवट माल १८० नगांवर आला तर रोज ३६ च्या हिशेबानेही नग पाच दिवसांत बाहेर पडतो. सुरुवातीला ही मर्यादा थोडी सैल ठेवावी आणि दर काही आठवड्यांनी एकेक ट्रॉली कमी करावी, म्हणजे दडलेल्या अडचणी एकदम न येता एकेक करून वर येतात.

अडचण आली की कारणापर्यंत जा

साठा कमी झाला की प्रत्येक चूक लगेच जाणवू लागते, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण घाबरून जुन्या पद्धतीकडे परततात. असे न करता प्रत्येक थांब्याचे कारण पुन्हा पुन्हा ‘का’ विचारून शोधावे. बोअर मोठा झाला, का? इन्सर्ट झिजला होता. वेळेवर का बदलला नाही? नवा हाताशी नव्हता. का नव्हता? स्टोअरमधून काढायला सुपरवायझरची सही लागते. सही का मिळाली नाही? सुपरवायझर सकाळी दुसऱ्या शेडमध्ये असतो. इथे उपाय सापडला: ठरावीक इन्सर्ट कारागिराजवळ ठेवावेत आणि किती नगांनंतर बदलायचे ते लिहून लावावे. ‘कोणी केले’ हा प्रश्न या साखळीत कुठेही येऊ देऊ नये, तो आला की पुढची उत्तरे खोटी मिळतात.

सापडलेला उपाय त्याच आठवड्यात एका यंत्रावर करून पाहावा, आकडे आधीच्या आकड्यांशी ताडावेत आणि फरक पडला तरच तो पक्का करावा. पक्की झालेली रीत एका पानावर छायाचित्रांसह लिहावी. ती कारागिरानेच सांगावी, खाली तारीख असावी आणि नवी सुधारणा झाली की पान बदलावे. मालकाच्या घरी मराठी बोलली जात असली तरी हे पान गुजराती आणि हिंदीत हवे, कारण यंत्रावरच्या माणसांना त्याच भाषा वाचता येतात.

वस्तू जागच्या जागी ठेवण्याचे काम आता, या टप्प्यावर करावे. कोणती वस्तू किती वेळा लागते हे एव्हाना कळलेले असते, त्यामुळे नको असलेले भंगारात देणे आणि हव्या असलेल्या हत्याराची आकृती फळीवर रंगवणे सोपे जाते.

कार्यालयातले थांबे विसरू नयेत. तयार माल टेस्ट सर्टिफिकेट, बिल किंवा ई-वे बिल (माल वाहून नेण्यासाठीचा ऑनलाइन कागद) यांच्या प्रतीक्षेत दोन दिवस पडून असेल तर लेथवर वाचवलेला वेळ तिथे बुडतो. कागद नगाबरोबरच पुढे सरकावेत, शेवटी एकदम करू नयेत.

रोजची दहा मिनिटे

पाळी सुरू होताना सगळ्यांनी उभ्यानेच फलकासमोर दहा मिनिटे जमावे. काल किती नग ठरले होते, किती झाले, कुठे थांबले आणि आज कोण काय करणार, एवढेच बोलावे. कामगाराने केलेल्या सूचनेला दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर मिळालेच पाहिजे. नकार असेल तर कारणासह द्यावा. पेटीत टाकलेल्या सूचनेचे महिनाभर काहीच झाले नाही तर दुसरी सूचना येत नाही.

बाहेरची मदत हवी असेल तर केंद्र सरकारच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाने १० मार्च २०२३ रोजी नव्या स्वरूपात सुरू केलेली लीन योजना पाहावी. तिच्यात प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तीन स्तर असून वरच्या दोन स्तरांवर सल्लागाराच्या मार्गदर्शनाच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलते. सल्लागाराला बोलावण्याआधी स्वतःचे कार्ड आणि आकडे तयार ठेवावेत, म्हणजे त्याचा वेळ माहिती गोळा करण्यात जात नाही.

वेळापत्रकाबद्दल एक सूचना. दिवाळीआधीच्या घाईत नवा बदल सुरू करू नये, त्या काळात फक्त आखलेले चौकोन मोडले जाणार नाहीत एवढे पाहावे. दिवाळीनंतर लाभपंचमीला शेड उघडते तेव्हा यंत्रांमध्ये अर्धवट माल कमी असतो. ट्रॉलीला नवे कार्ड बांधून तोच नग पुन्हा मोजण्यासाठी हा आठवडा सर्वांत सोयीचा आहे.