जुनी जर्मन परफॉर्मन्स कार घेताय किंवा विकताय? किलोमीटर बघत बसू नका, या चुका टाळा

"वीस वर्षं जुनी, फक्त ४० हजार किलोमीटर, कायम कव्हरखाली." अशी जाहिरात दिसली की आपल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला उलट धडकी भरते. रबर आणि प्लास्टिक ओडोमीटर बघून म्हातारं होत नाही हो, ते उभ्या गाडीतपण म्हातारं होतं. बुश (सांध्यांतले रबरी भाग) कडक होतात, सील सुकतात, कूलंटच्या पाइपांची तोंडं ठिसूळ होतात, ब्रेक ऑइल ओलावा धरतं, आणि टायरवर नक्षी भरपूर असते पण टायर दगड झालेला असतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. गाडी "सगळं ओरिजिनल" असेल तर टायरपण ओरिजिनल असायची शक्यता आहे, आणि ही कौतुकाची गोष्ट नाहीये. दीड लाख पळालेली पण वेळेवर बिलं फाडलेली गाडी मी कधीही आधी बघायला जाईन.

दुसरी चूक म्हणजे गाडी स्वस्त झाली म्हणून ती चालवणंपण स्वस्त झालं असं समजणं. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही, आणि बीएमडब्ल्यू ई६० एम५ चा व्ही१० (दहा सिलिंडरचं इंजिन) काय तुम्ही सेकंडहँड घेतला म्हणून कमी खर्चात खूश होणार नाही. त्या एस८५ कोडच्या इंजिनात रॉड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकवर फिरतो तिथलं) आणि थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटर (हवेची झडप उघडणारी मोटर) हे दोन खर्च धरूनच चालायचं. बीएमडब्ल्यूच्याच ई४६ एम३ मध्ये मागच्या सबफ्रेमजवळचा, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीजवळचा, पत्रा तडकतो, त्यामुळे गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. पोर्शे ९९६ म्हटलं की सगळे आयएमएस बेअरिंगवर (इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग) बोलतात ते बरोबरच आहे, पण त्याच पिढीतल्या टर्बो आणि जीटी३ ला वेगळं, मेट्झगर इंजिन आहे, तिथे हा लफडा नाही. ऑडीच्या बी६ एस४ मधल्या ४.२ व्ही८ ला टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, चेनचे गाइड गेले की अख्खं इंजिन बाहेर काढा. म्हणजे घेण्याआधी मॉडेलच्या नावाच्या पलीकडे जाऊन इंजिनचा कोड शोधा, सगळा खर्च त्या कोडवर ठरतो.

आता रिपेअरकडे येऊ, कारण खरा पैसा इथे वाया जातो. स्कॅनरवर फॉल्ट कोड आला की त्या कोडमध्ये ज्या पार्टचं नाव दिसतं तो पार्ट मागवायचा, ही सवय सोडा. पी०१७१ आणि पी०१७४ एकत्र आले, म्हणजे दोन्ही बँक (सिलिंडरचे दोन गट) लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि बिचारा सेन्सर तर खरंच सांगत असतो की हवा जास्त येतीये. ती हवा फाटलेल्या इनटेक बूटमधून (हवेच्या रबरी नळीतून) नाहीतर क्रँककेस व्हेंटच्या पाइपातून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) आत शिरत असते. स्मोक टेस्ट करा, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडा, धूर जिथून निघेल तिथे दुखणं आहे. मिसफायर असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर नवी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) घेण्याआधी त्या सिलिंडरची कॉइल काढून शेजारच्याला लावा, मिसफायर कॉइलच्या मागे गेला तर कॉइल, नाही गेला तर प्लग, इंजेक्टर असं पुढे शोधा. खर्च शून्य. आणि साध्या स्वस्त स्कॅनरवर फक्त इंजिनपुरतं दिसतं, एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स काही कळत नाही, म्हणून बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला व्हीसीडीएस असं त्या त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचं डायग्नोस्टिक वापरा किंवा ज्याच्याकडे आहे त्याला गाठा. एकदम पाचसहा मॉड्यूलचे (गाडीतल्या छोट्या कंप्युटरांचे) विचित्र कोड आले तर आधी बॅटरी तपासा, कमजोर बॅटरीवर या गाड्या भुताने झपाटल्यासारख्या वागतात, आणि ई६० नंतरच्या बऱ्याच बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी बसवली की ती गाडीत रजिस्टरपण करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच होत राहतं.

कूलिंगमध्ये "फुटलं तेवढंच बदलू" हा विचार सगळ्यात घातक. ई४६ सारख्या गाडीत एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅट हाउसिंग, पाइप, वॉटर पंप हे सगळं साधारण एकाच वयाचं असतं, तुम्ही टँक बदलला की सिस्टिममध्ये पूर्ण प्रेशर टिकायला लागतं आणि पुढची कमजोर जागा उडते. सगळं एकदम करा. वर त्या टेंपरेचरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो मुद्दाम मध्यावर चिकटून राहील असाच बनवलाय, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. काटा वर गेला की गाडी बाजूला घेऊन बंद, "घरापर्यंत जाईल" म्हणून चालवली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलंच समजा.

ऑइल लीकला "जर्मन गाड्या गळतातच" म्हणून सोडून देणारेपण खूप आहेत. बीएमडब्ल्यूच्या एन५४ सारख्या इंजिनात ऑइल फिल्टर हाउसिंगचा गॅस्केट गळून ऑइल थेट बेल्टवर पडतं, बेल्ट घसरून सुटतो, आणि त्याचे तुकडे पुढच्या क्रँक सीलमधून आत गेलेले किस्से आहेत. साधा गॅस्केट, पण दुर्लक्ष केलं की इंजिन उघडायची पाळी.

सस्पेन्शनचं एक कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. रबर बुशवाल्या आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करायचे, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि मग लोक पार्टला शिव्या देतात. ज्या बोल्टला टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलंय ते बहुतेक एकदाच वापरायचे असतात, नवे घ्या. पॉवर स्टीअरिंगमध्ये काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना हायड्रॉलिक फ्लुइड, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, वाचायला दोन सेकंद लागतात. गिअरबॉक्सच्या "लाइफटाइम" ऑइलवर तर बोलूच नका, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. पार्टबाबत डोकं वापरा, लेम्फोर्डर, माले, साक्स यांचेच पार्ट बऱ्याचदा कंपनीच्या खोक्यात जास्त भावाने येतात, पण बिननावाचा स्वस्त वॉटर पंप घेऊ नका, तीच मजुरी दोनदा जाते.

विकताना लोक पॉलिशवर खर्च करतात आणि फॉल्ट कोड क्लिअर करून ठेवतात. कोड खोडले की रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या झाल्या का ते दाखवणारे) अपूर्ण दिसतात, आणि अशा गाड्या बघायला येणाऱ्याच्या खिशात स्कॅनर असतोच, मग तुम्ही दुसरं काहीही खरं बोललात तरी तो मानणार नाही. इंजिन धुऊन चकाचक करणं, तो यायच्या आधी गाडी गरम करून ठेवणं, हे सगळं संशयाचंच. गाडी थंड ठेवा, थंड स्टार्टचा आणि खालच्या भागाचा व्हिडिओ आधीच पाठवा, कूलिंग कधी केलं, बुश कधी, टायर कुठल्या सालचे, हे तारखेसकट बिलांबरोबर लावा, आणि काय बाकी आहे तेपण जाहिरातीतच लिहा म्हणजे तो येऊन तेच शोधून भाव पाडणार नाही. मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा मात्र विसरा, तो भावात येत नाही. उलट स्टॉक एक्झॉस्ट, स्टॉक स्प्रिंग, इसीयूची (इंजिनच्या कंप्युटरची) मूळ फाइल गाडीबरोबर द्या, बऱ्याच गिऱ्हाइकांना तेच आधी हवं असतं.