जुनं फाउंटन पेन घेताना निब नीट बघा

विक्रेते चकचकीत टोपणाचे फोटो हौसेने टाकतात. तुम्ही निबचा जवळून काढलेला फोटो मागा, समोरून आणि बाजूनेही. निबच्या मधोमध असलेल्या चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत हव्यात आणि टोकावरचा कठीण धातूचा मणी शाबूत हवा. तो झिजला असेल, तर निबवर ‘५८५’ (म्हणजे १४ कॅरेट सोनं) असूनही पेन कागद खरवडेल. नवा मणी बसवून मिळतो, पण खर्च बराच. आतली शाईची रबरी पिशवी कडक झाली असेल तर घाबरू नका, ती सहज बदलता येते. ‘चालू स्थितीत’ एवढ्यावर मात्र भागवू नका. शाई भरून लिहिलेल्या चार ओळी दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर पेन बिघडलेलं समजूनच भाव करा.