डिजिटल स्क्रॅपबुकिंग: डिझायनरचं क्रेडिट हरवतं कुठे? या चुका टाळा

डिजिटल स्क्रॅपबुकिंग म्हणजे आपले फोटो आणि डिझायनरांनी बनवलेली कागद, फुलं, फ्रेम यांची चित्रं जोडून संगणकावर अल्बमची पानं करणं. ती चित्रं ज्याची, त्याचं नाव पानासोबत देणं म्हणजे क्रेडिट. पान पूर्ण झालं, जेपीजी काढली, आता ग्रुपवर टाकायची आणि तिथेच अडतं: हा पिवळा कागद नक्की कुठल्या किटमधला? साध्याशा पानावरही दोन-तीन किट (अशा चित्रांचे संच), एक टेम्प्लेट (मांडणीचा तयार साचा), एखादी अल्फा (चित्ररूपी अक्षरांचा संच) आणि दोन फाँट सहज असतात. शेवटी आठवून लिहू म्हटलं की हमखास काहीतरी राहतं. क्रेडिटची नोंद झिप उघडताना सुरू व्हायला हवी, कारण बहुतेक वेळा माग तिथेच तुटतो.

झिप उघडताना

सगळ्यांत महागात पडणारी सवय म्हणजे झिप उघडून कागद 'कागद' फोल्डरमध्ये, फुलं 'फुलं' फोल्डरमध्ये टाकायची आणि उरलेलं पुसून टाकायचं. त्या 'उरलेल्यात' किटचं प्रिव्ह्यू चित्र असतं आणि वापराच्या अटींची टेक्स्ट फाइल असते. क्रेडिट कोणाला, कसं द्यायचं हे तिथेच लिहिलेलं असतं. वर्षभराने किट दुकानातून निघून गेलं की ती फाइल पुन्हा मिळत नाही.

म्हणून आधी डिझायनरचं फोल्डर, त्यात किटचं, आणि किटमधलं सगळं जिथल्या तिथे. फुलं एकत्र बघायची असतील तर टॅग लावा, फाइल हलवू नका. मूळ झिप आणि खरेदीची पावती बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

फोल्डरात फोल्डर मात्र फार खोल नेऊ नका. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत सगळा पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. किटच्या नावाच्या फोल्डरात पुन्हा त्याच नावाचं फोल्डर, वर फाइलचं लांबलचक नाव, असं झालं की झिप अर्धवट उघडते आणि काही फाइली गळतात. अशा वेळी ती थेट डी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरात उघडा. मॅकवर बनवलेल्या झिपमधून कधीकधी तीच नावं असलेल्या, पण सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा असलेल्या काही केबीच्या फाइली निघतात. त्या खुशाल पुसा, त्यात चित्र नसतं.

फाइलचं नाव बदलायची हौस आवरा. नावाच्या सुरुवातीची दोन-चार अक्षरं बहुधा डिझायनरची खूण असतात. 'अबक_पावसाळी_फूल०७' चं नुसतं 'निळं फूल' केलंत की माग गेला. आपला शब्द हवाच असेल तर तो शेवटी जोडा. पाच-सहा डिझायनरांनी मिळून केलेल्या किटमध्ये तर ही खूण फारच कामाची, कारण कागद एकीचा आणि रिबन दुसरीची असते. तिथे प्रिव्ह्यूवरचं पहिलं नाव लिहून मोकळं होणं चूक.

टॅग लावले, तरी गेले

विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये जेपीजीला टॅग लावता येतो, पीएनजीला नाही. आणि कागद सोडले तर किटमधलं जवळपास सगळं, म्हणजे फुलं, बटणं, फ्रेम, पीएनजीतच असतं. फोटोशॉप एलिमेंट्सच्या ऑर्गनायझरमध्ये टॅग लागतात, पण ते त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे वेगळ्या नोंदवहीत, साठतात. फाइली एक्सप्लोररमधून हलवल्या की दुवा तुटतो आणि नव्या संगणकावर कॅटलॉग नेला नाही तर टॅगही मागेच राहतात. हलवाहलव ऑर्गनायझरमधूनच करा आणि कॅटलॉगचा बॅकअप घ्या.

याहून पक्का मार्ग अडोबी ब्रिज या फाइली सांभाळायच्या प्रोग्रामचा. किटमधल्या सगळ्या फाइली एकदम निवडा, मेटाडेटा (फाइलसोबतची माहिती) पॅनलमध्ये आयपीटीसी नावाच्या विभागातल्या क्रिएटर आणि क्रेडिट लाइन या रकान्यांत डिझायनर आणि किटचं नाव भरा. माहिती फाइलमध्येच लिहिली जाते. एका किटला दोन मिनिटं पुरतात.

पानावर घटक आणताना

फोटोशॉपमध्ये पानावरचा प्रत्येक घटक वेगळ्या थरावर, म्हणजे लेयरवर, असतो. फूल वेगळं उघडायचं, सगळं निवडून कॉपी करायचं आणि पानावर पेस्ट करायचं, असं केलं की लेयरचं नाव 'लेयर १' होतं. असे चाळीस लेयर झाले की कोणता कुठला ते कळायला मार्ग नाही. तीच फाइल 'प्लेस एम्बेडेड' या आज्ञेने आणली तर लेयरला फाइलचं नाव आपोआप मिळतं. एक्सप्लोररमधून थेट उघड्या पानावर ओढून टाकली तरी तेच. या एका बदलाने निम्मी डोकेदुखी संपते.

लेयर मर्ज करताना (एकात मिसळताना) जपून, कारण अनेकांतलं एकच नाव उरतं. त्याऐवजी ग्रुप करा. आणि रंग बदलला, अर्धं फूल कापलं, तीन थर चढवले म्हणून ते फूल आपलं होत नाही. क्रेडिट तसंच राहतं.

पानाच्या सगळ्यांत वर 'क्रेडिट' नावाचा एक टेक्स्ट लेयर ठेवा आणि त्याच्या शेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करून तो लपवा. नवा घटक आणला की त्यात एक ओळ: किट, डिझायनर, कुठून घेतलं. धोका एकच. फ्लॅटन करताना, म्हणजे सगळे लेयर एकात सपाट करताना, फोटोशॉप विचारतो, लपवलेले लेयर टाकून देऊ का? आपण सवयीने ओके म्हणतो, मागोमाग कंट्रोल एस दाबतो आणि पानाची एकमेव पीएसडी (लेयर जपणारी फोटोशॉपची फाइल) सपाट होते. म्हणून आधी पीएसडी जतन करा, मग 'सेव्ह अ कॉपी' ने जेपीजी काढा.

हमखास विसरले जाणारे

पहिला नंबर टेम्प्लेटचा. पानाची सगळी मांडणी त्याची असते, पण आपले फोटो-कागद चढल्यावर ते दिसतच नाही. त्याखालोखाल अल्फा, वर्डआर्ट (सजवलेल्या शब्दांचं चित्र) आणि लग्न-मुंजीचे फोटो काढणारा छायाचित्रकार.

फाँटचं गणित वेगळं. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' किंवा 'बलू' यांसारखे देवनागरी फाँट ओपन फाँट लायसन्सखाली येतात. त्यात पानावर क्रेडिट देण्याची अट नाही, पैसे घेऊन केलेल्या अल्बममध्येही चालतात. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' म्हणून फुकट मिळालेला नक्षीदार फाँट मात्र अशा अल्बमला चालत नाही, नाव दिलं तरी नाही. किटचंही तसंच. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. दुसऱ्यासाठी पैसे घेऊन पानं करणार असाल तर अटींच्या फाइलमध्ये त्याचा स्पष्ट उल्लेख शोधा.

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या खुल्या परवान्यांपैकी बीवाय ४.० चं चित्र वापरलं तर नुसतं नाव पुरत नाही. स्रोताचा दुवा, परवान्याचा दुवा आणि बदल केला असल्यास तसा उल्लेख हवा. एनसी लिहिलेलं असेल तर कमाईच्या कामाला नको. एनडी असेल तर बदललेलं चित्र इतरांना देता येत नाही. सीसी झिरोला क्रेडिटची सक्ती नाही.

पान बाहेर पाठवताना

बारा बाय बारा इंचाचं, ३०० पीपीआयचं (इंचाला ३०० पिक्सेल) पान ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं असतं. ते लहान करताना 'सेव्ह फॉर वेब' मधला मेटाडेटाचा पर्याय 'नन' वर असेल तर भरलेली माहिती तिथेच पुसली जाते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तरी ती टिकत नाही. म्हणून क्रेडिट चित्राखालच्या मजकुरात लिहायचं, असं: 'कागद आणि फुलं: किटचं नाव, डिझायनर. टेम्प्लेट: नाव, डिझायनर. फाँट: नाव.' 'क्रेडिट मूळ मालकाला' ही ओळ कोणाच्याच कामाची नाही.

जुन्या पानाचा माग

पीएसडी असेल तर आधी लेयरची नावं बघा. त्या नावातला तुकडा सगळ्या डिस्कवर शोधा, झिपमधली फाइलनावंही तपासा. नावं नसतील तर मूळ कागद किंवा फूल वेगळं काढून त्याचा चित्रावरून शोध घ्या. पूर्ण पान शोधून फारसं हाती लागत नाही. मग ईमेलमधल्या पावत्या, पान केलं त्याच्या आसपासच्या महिन्यांच्या. फाइलच्या 'मॉडिफाइड' तारखेवर विसंबू नका. झिपमधून निघालेल्या फाइलवर बहुधा डिझायनरने ती बनवली तेव्हाची तारीख असते, तुम्ही उतरवली तेव्हाची नव्हे.

इतकं करूनही सापडलं नाही तर अंदाजाने नाव ठोकू नका. चुकीच्या डिझायनरला क्रेडिट गेलं तर खऱ्या डिझायनरचं नाव आणखी दूर जातं. जे घटक माहीत आहेत ते लिहा, उरलेल्यापुढे 'डिझायनर सापडला नाही, माहीत असल्यास कळवा' असं लिहा, आणि ते पान विकायच्या किंवा छापून द्यायच्या कामातून बाजूला ठेवा.