‘सचिन पा’ टाइप केलं की नेमका कुठला पाटील?

कोल्हापुरात नुसतं ‘पाटील’ म्हणून माणूस सापडत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या सेल्स विभागात ईमेलच्या ‘टू’च्या रकान्यात ‘सचिन पा’ टाइप करून बघा. एक पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधला, एक शेजारच्या फाउंड्रीत कामाला असलेला वर्गमित्र, एक सोसायटीचा सेक्रेटरी. घाईत टॅब दाबला की वरचा चिकटतो आणि किलोच्या दरासकट कोटेशन वर्गमित्राकडे पोचतं.

या सूचना फक्त सेव्ह केलेल्या कॉन्टॅक्टमधून येत नाहीत. एकदा मेल पाठवला की तो पत्ता प्रोग्राम परस्पर साठवून ठेवतो: जीमेल ‘अदर कॉन्टॅक्ट्स’मध्ये, आउटलुक ‘ऑटो-कम्प्लीट लिस्ट’मध्ये, ॲपलचं मेल ‘प्रीव्हियस रेसिपियंट्स’मध्ये, थंडरबर्ड ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’मध्ये. म्हणून कॉन्टॅक्ट पुसला तरी पत्ता पुन्हा डोकं वर काढतो. शिवाय आउटलुक साफ केलं म्हणून जीमेल साफ होत नाही.

जीमेलमध्ये प्रत्येक खात्याची यादी वेगळी असते. त्यामुळे ब्राउझरमध्ये ऑफिसच्या खात्यात घरचा पत्ता सुचला, तर बहुतेक वेळा कधीतरी त्याच खात्यावरून घरचा मेल गेलेला असतो. नाहीतर तुम्ही चुकीच्या टॅबमध्ये आहात. दोन्ही खाती एकाच क्रोममध्ये उघडी असली तर दोन्ही टॅब जवळजवळ सारखेच दिसतात, ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘यू/०’ आणि ‘यू/१’ असा बारीक फरक असतो. तो कोण बघतो? त्यापेक्षा क्रोममध्ये उजवीकडे वरच्या गोल चित्रावर क्लिक करून ऑफिससाठी वेगळं प्रोफाइल बनवा आणि त्याला भडक रंगाची थीम द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच.

मग ऑफिसच्या खात्यात चाकाच्या खुणेवरून ‘सी ऑल सेटिंग्ज’, ‘जनरल’ आणि खाली ‘क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट’. तिथे कॉन्टॅक्ट मी स्वतःच टाकीन असा दुसरा पर्याय निवडा. पानाच्या तळाशी जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबायचं राहिलं तर सगळं पाण्यात. यानं नवे पत्ते साठणं थांबतं, जुने तसेच राहतात. ते गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये डावीकडच्या ‘अदर कॉन्टॅक्ट्स’मधून निवडून काढा. कामाचे असतील ते आधी रीतसर सेव्ह करा. कंपनीच्या डिरेक्टरीतले सहकारी मात्र सुचतच राहतील, ते ॲडमिनच्या हातात असतं.

क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे विंडोजवरच्या जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये, मामला वेगळा. एकाच प्रोफाइलमध्ये दोन्ही खाती जोडली की सूचनांची यादी सामाईक होते. एखादा पत्ता काढायचा तर तो सुचल्यावर त्याच्या उजवीकडची फुली दाबा. फाइल, ऑप्शन्स, मेल इथे अख्खी यादी रिकामी करायचं बटण आहे, पण त्याला उगाच हात लावू नका. कॉन्टॅक्टमध्ये कधीच न टाकलेले गिऱ्हाइकांचे पत्तेही त्यात सूचनांतून जातात. पक्का इलाज म्हणजे कंट्रोल पॅनलमधल्या ‘मेल’मधून दोन प्रोफाइल करणं आणि उघडताना विचारायला लावणं.

आयफोनच्या मेल ॲपमध्ये सगळ्या खात्यांचे पत्ते एकत्र सुचतात. नको असलेल्या पत्त्याशेजारचं ‘आय’चं चिन्ह दाबून तो ‘रीसेंट्स’मधून काढता येतो. पण खरी कामाची सोय आहे मेलच्या सेटिंग्जमधली ‘मार्क ॲड्रेसेस’. तिथे कंपनीचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, टाकलं की बाहेरचा प्रत्येक पत्ता लाल दिसतो. मॅकवर हीच सोय ‘कंपोझिंग’मध्ये आहे. इतकी उपयोगी गोष्ट इतक्या आत का ठेवली, ते ॲपललाच ठाऊक.

एकाच माणसाचे दोन पत्ते असतील, कंपनीचा आणि स्वतःचा, तर पुसापुशी करून भागत नाही. कॉन्टॅक्टचं नावच बदला: ‘सचिन पाटील परचेस पुणे’, ‘सचिन पाटील घर’. जीमेलमध्ये शोध नावावरही चालतो, त्यामुळे ‘परचेस’ टाइप केलं तरी योग्य माणूस वर येतो. नोकरी सोडून गेलेल्यांचे पत्तेही याच वेळी काढून टाका.

कोटेशन किंवा पगाराची शीट पाठवताना आधी मजकूर, मग फाइल आणि सगळ्यात शेवटी पत्ता भरा. पत्ता रिकामा असेल तर चुकून सेंड दाबलं तरी मेल जागचा हलत नाही.

तरीही निसटला, तर जीमेलच्या ‘अनडू सेंड’ला सुरुवातीला 5 सेकंदच मिळतात, ते ‘जनरल’मध्येच 30 करून घ्या. आउटलुकचं ‘रिकॉल’ फक्त तुमच्याच संस्थेतल्या मेलबॉक्सपुरतं चालतं, बाहेरच्या जीमेलवर गेलेला मेल त्यानं परत येत नाही. त्यापेक्षा क्लासिक आउटलुकच्या रूल्समध्ये पाठवलेला प्रत्येक मेल 2 मिनिटं आउटबॉक्समध्ये थांबवणारा नियम लावा. फक्त संध्याकाळी लॅपटॉप बंद करण्याआधी आउटबॉक्स रिकामा झालाय का बघा, नाहीतर मेल तिथेच अडकून राहतो.