राजीनाम्यावर सही करण्याआधी: नव्या पाळकांसाठी

राजीनामा टाईप करूनच आणला होता. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, खाली माझं नाव आणि त्याच दिवसाची तारीख. बुधवारची प्रार्थनासभा आटोपली होती, सतरंज्या गोळा झाल्या होत्या आणि पाचपैकी चार विश्वस्त पहिल्या बाकावर बसून होते. "पाळकसाहेब, मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, फूट नको. आपणच मोठेपणा दाखवा," एवढंच ते म्हणाले. आठ वर्षं मी त्या तालुक्याच्या गावी सेवा केली होती. रात्री साडेनऊला मी सही केली. शेजारीच पाळकगृहात बायको ताटं झाकून वाट पाहत होती. तिला मी विचारलंसुद्धा नाही.

यंदा सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्यांपैकी काहींना माझ्यासारखीच स्वतंत्र, म्हणजे कुठल्याही मोठ्या चर्चसंस्थेखाली नसलेली, मंडळी मिळेल, म्हणून हे लिहितो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झालं. तिथं पाळकाची नेमणूक आणि बदली डायोसिसकडून, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताकडून, होते. दबाव आला तर तो बहुधा बदलीच्या वाटेनं येतो आणि गाऱ्हाणं घेऊन जायला निदान बिशप असतात. स्वतंत्र मंडळीत पगार देणारा ट्रस्ट, घर देणारा ट्रस्ट आणि निवाडा करणाराही ट्रस्टच.

खुणा आधीपासून दिसत होत्या, मला त्या ओळखता आल्या नाहीत. उपासना संपली की मी दारात उभा राहून सगळ्यांना सलाम करायचो. दिवाळीनंतर तीन कुटुंबं बाजूच्या दारानं बाहेर पडू लागली. गाडी तिकडे लावत असतील, असं मी मनाशी म्हटलं. पाच तारखेचा पगार बारावर गेला, मग अठरावर, "चेकवर दुसरी सही राहिलीय." हंगामाच्या सणाला अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव कोण पुकारणार हे मला तरुण संघाच्या एका मुलाकडून कळलं. कुणाच्या तरी घरी प्रार्थनेच्या नावाखाली बैठका होत आणि त्यांचं निमंत्रण मला नसे. तक्रारी कानावर येत, पण नेहमी "लोक म्हणतात" अशा. कोण लोक, विचारलं की विषय बदले. आणि उपदेश लांबला म्हणून दर रविवारी मला रागावणारे एक आजोबा अचानक रागवायचे थांबले. मला त्याचं बरं वाटलं होतं. आज वाटतं, त्याच दिवशी त्यांच्या घरी चहाला जायला हवं होतं.

यातली एखादी गोष्ट सुटी दिसली तर घाबरू नका. दोन-तीन महिन्यांत तीन-चार एकदम दिसल्या तर मात्र पाणी मुरतंय असं समजा आणि त्याच आठवड्यात माणसांना घरी जाऊन भेटा. फोनवर नको.

आता माझी चूक. चर्चच्या आवारात रस्त्याकडेला सहा गाळे होते. भाडं कित्येक महिने थकलं होतं आणि दोन भाडेकरू विश्वस्तांच्या नात्यातले होते. एका रविवारी सूचना वाचताना मी थकबाकी नावांसकट वाचून दाखवली. आकडे खरे होते, वही माझ्या हातात होती. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात प्रभूनं पायऱ्या घालून दिल्या आहेत: आधी एकट्यानं एकाला भेटायचं, मग आणखी एका-दोघांना बरोबर घ्यायचं, मग मंडळीपुढे न्यायचं. मी थेट शेवटच्या पायरीवर गेलो. त्या सकाळी मान खाली घालून बसलेली गाळेवाल्याची म्हातारी आई मला अजून दिसते.

पुढे जोनाथन एडवर्ड्‌सचं चरित्र वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनचे हे पाळक, थोर विद्वान. १७४४ साली काही तरुणांनी सुइणींसाठीचं पुस्तक वाचून मुलींची चेष्टा केल्याचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. त्यांनी व्यासपीठावरून नावं वाचली, आणि आरोपी कोण, साक्षीदार कोण, हा फरकच केला नाही. गावातल्या बड्या घरांतली मुलं होती ती. पगारावरून कुरबूर चालू होतीच. मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, कुणाला द्यायचं या प्रश्नावर, त्यांच्या आजोबांनी घालून दिलेली सैल रीत त्यांनी बदलायचं ठरवलं आणि ठिणगी पडली. जून १७५० मध्ये, तेवीस वर्षांच्या सेवेनंतर, मंडळीनं प्रचंड बहुमतानं त्यांना काढलं. दुसरा पाळक मिळेना म्हणून त्यानंतरही काही महिने त्याच मंडळीनं त्यांना उपदेशाला बोलावलं आणि ते गेले. कारण म्हणून नोंद राहिली प्रभुभोजनाची, पण मनं तुटायला सुरुवात सहा वर्षं आधीच झाली होती.

म्हणून सुरुवातीलाच काही गोष्टी करून घ्या. नेमणूकपत्र लेखी मागा. त्यात दोन्ही बाजूंनी किती महिन्यांची सूचना द्यायची, सेवा थांबली तर पाळकगृह किती दिवसांत सोडायचं आणि वाद झाला तर बाहेरचे कोणते दोन-तीन ज्येष्ठ पाळक ऐकून घेतील, हे लिहिलेलं असू द्या. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. ट्रस्टची घटना वाचा. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत, ते पाहा. माझ्या पहिल्या बाकावरच्या चौघांपैकी एकाचं नाव नोंदीत नव्हतंच, हे मला सहा महिन्यांनी समजलं.

अर्पण मोजायला बसू नका, तिजोरीची किल्ली ठेवू नका. देणगीच्या कामात प्रेषित पौलानंही बरोबर इतर बंधू घेतले, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. आणि स्वतःची बचत सुरू करा. विसाहून कमी माणसं कामाला असलेल्या संस्थेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा आपोआप लागू होत नाही, तेव्हा पोस्टात पीपीएफचं खातं उघडा, वर्षाला पाचशे रुपयांपासून चालतं. ज्याच्या हाती तीन महिन्यांचा घरखर्च आहे तो पाळक त्या बाकासमोर वेगळ्या आवाजात बोलू शकतो. माझ्या हाती अकराशे रुपये होते आणि मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर होती.

तरीही ती फाइल पुढे आलीच, तर सही करू नका. कागद घ्या, आभार माना, म्हणा, "मी हा घरी नेतो, रविवारनंतर लेखी उत्तर देतो." बायबलमधल्या पहिल्या तीमथ्यात पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांवरच्या, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांवरच्या, आरोपाला दोघा-तिघांची साक्ष लागते असं सांगितलंय; आरोप लेखी आणि नावानिशी मागा. पत्नीशी बोला, मंडळीबाहेरच्या एका वडीलधाऱ्या पाळकाला फोन करा. मात्र पैशाचा अपहार किंवा कुणाच्या अब्रूला हात घालणारं काही तुमच्या हातून खरोखर घडलं असेल, तर माझं हे लिखाण ढाल म्हणून वापरू नका. तिथं दूर होणंच योग्य, आणि दुखावलेल्या माणसाची बाजू आधी ऐकली गेली पाहिजे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली ती स्वतःच्या मनानं, पुढचा मार्ग दिसत असताना. असं सोडता येतं. माझं तसं नव्हतं. जाताना बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या, किल्ल्यांचा जुडगा, चांदीचा प्याला, सगळ्याची यादी करून मी सेक्रेटरींची सही घेतली, तेवढं एक शहाणपण त्या दिवसांत सुचलं. वर्षभरानं प्याला हरवल्याची कुजबुज उठली तेव्हा ती यादीच कामी आली.

दीड वर्षानं दुसऱ्या मंडळीनं बोलावलं. तिथंही आवारात दोन गाळे आहेत. पहिल्या बैठकीत मी विचारलं, यांचं भाडं कोण पाहतं? खजिनदारबाईंनी वही काढून पुढे सरकवली. मी ती वाचली, मिटली आणि बैठक संपल्यावर त्यांच्याबरोबर एका भाडेकरूच्या घरी गेलो.