बंब पेटवायचा तर आधी राख काढा

दिवाळी तोंडावर आली की माळ्यावरचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली उतरतो आणि पुतणीचा पुण्याहून फोन येतो, "काकू, नुसता धूर धरलाय, पेटतच नाही." माझा प्रश्न ठरलेला. जाळीखालची राख काढलीस का? काढलेली नसते.

बंबाच्या मधोमध जे नळकांडं असतं तीच चूल आणि तेच धुराडं. भोवती पाणी. खालच्या जाळीतून हवा आत शिरते, तापून हलकी होते, वर निघून जाते आणि जाताना खालून आणखी हवा ओढते. ही ओढ एकदा बसली की फुंकावं लागत नाही. जाळीची भोकं राखेनं बुजली किंवा नळकांडं जळणानं गच्च भरलं की ओढ तुटते आणि धूर उलटा खालून डोळ्यांत जातो. मग लोक रॉकेलची बाटली काढतात. धुमसत्या बंबात रॉकेल ओतायचं नाही म्हणजे नाही. भडका नळकांड्यातून थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो.

आधी पाणी, मग जाळ. रिकामा बंब तापला की सांध्यांचा डाग, म्हणजे झाळण, सुटतो आणि बंब गळायला लागतो. पाणी ओतायच्या नरसाळ्याचं तोंड कचरा पडू नये म्हणून कुणी घट्ट बुचानं बंद करतात, तेही नको. वाफेला वाट हवी.

आता पेटवणं. जाळीवर नारळाच्या सोडणाचा पिंजलेला काथ्या, नाहीतर चुरगाळलेला कागद ठेवा. त्यावर बोटाएवढ्या जाडीच्या चार-सहा ढलप्या, आडव्या नव्हे, उभ्या, एकमेकींना टेकवून. आडव्या ठेवल्या की वाट अडते. काडी खालून, जाळीकडून लावा. वरून पेटता कागद टाकला तर तो वरच जळून विझतो. थंडीत पहाटे ओढ बसायला वेळ लागतो. तेवढ्यापुरता खालून सुपानं वारा घाला. ढलप्यांचा आवाज तडतड सोडून भुर्रर्र असा यायला लागला की समजा बसली ओढ. मगच मनगटाएवढी लाकडं, वीतभर लांबीची, एकेक करून वरून सोडा. सोडताना तोंड बाजूला आणि पदर खोचलेला. ओढणी असेल तर काढूनच ठेवा.

जळण म्हणाल तर बाभळीला तोड नाही. निखारा टिकतो. आंब्याचं लाकूड चालतं, सुकं मात्र हवं. करवंट्या भराभर पेटतात पण जाळ फार उठतो, एका वेळी दोनच टाका. मक्याची बुरकुंडं सुरुवातीला उत्तम. कण्हेर मात्र कितीही सुकलेली असो, तिचा धूर विषारी. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, दुधाच्या पिशव्या यांचंही तेच. लाकूड सुकलंय का बघायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर पुढच्या वर्षी वापरा. ओल्या लाकडातला बराच जाळ स्वतःचंच पाणी उडवण्यात जातो.

आमच्या बंबाची तोटी वर, गळ्याशी आहे. नरसाळ्याची नळी आतून थेट बुडापर्यंत जाते. एक बादली गार पाणी ओतलं की ते तळाशी बसतं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. म्हणून बंब कधी रिता होत नाही. तोटी खाली असलेला बंब असेल तर मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. घेतलं तेवढं पाणी लगेच परत घातलंच पाहिजे. पाणी नीट तापल्याची खूण म्हणजे आतून येणारी बारीक सूं सूं. त्यानंतर नवं लाकूड टाकू नका. उरलेल्या निखाऱ्यांवर चारचौघांच्या आंघोळी होतात.

शहरातल्यांसाठी एक गोष्ट बजावून सांगते. बंब बंद बाथरूममध्ये पेटवायचा नाही, निखारे धगधगत असताना आतही न्यायचा नाही. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. अंगणात किंवा गच्चीवर पेटवा आणि बादलीनं पाणी आत न्या.

दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, काठीला गोणपाट गुंडाळून नळकांड्यातली काजळी वरून खाली ओढून काढा. काजळीचा थर असला की आच पाण्यापर्यंत पोचत नाही. बाहेरचं तांबं चिंच आणि मिठानं घासलं की लख्ख होतं, पण ते दिवाळीपुरतं. एरवी मी त्या भानगडीत पडत नाही. राख मात्र रोज काढते, पत्र्याच्या घमेल्यात. प्लॅस्टिकच्या टोपलीत भरलीत तर आतला एखादा जिवंत निखारा टोपलीसकट खाली उतरेल.